अप्पांची नखं, अक्कांचा गज

अप्पांची आणि माझी पहिली ओळख गल्लीनं करून दिली, आणि ती काही गौरवाची नव्हती. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी शिक्षिका म्हणून रेणापूरहून बदलून आले आणि अप्पा-अक्कांच्या शेजारी खोली घेतली. साल टंचाईचं. विहिरीत टँकर रिकामा झाला की पाणी शेंदायला अक्का धावायच्या. त्यांचे यजमान अप्पा मात्र उजवा हात जपत ओट्यावर बसलेले. "नवरा हाय का नवरी?" शेजारच्या गंगाबाई मला हसून विचारायच्या.

उलगडा अक्कांनीच केला. अप्पा मुखेडचे, गिटार बोटांच्या नखांनी छेडायचे. नख तुटलं की आवाज गेला. अक्का उदगीरच्या, मांडी घालून, कर्नाटकी बैठकीत व्हायोलिन वाजवायच्या. किनवटच्या तांड्यावरचं गाणं, कानडी भजन, जात्यावरची ओवी, सारं त्या दोन वाद्यांत गुण्यागोविंदानं नांदायचं.

नव्या जिल्ह्याच्या आनंदाप्रीत्यर्थ मैदानावर दोघांच्या वादनाचा कार्यक्रम ठरला. एवढ्या लोकांपुढं दोघं पहिल्यांदाच बसणार होते; हा फसला तर पुन्हा कोण बोलावणार? नेमका कार्यक्रमाच्याच दुपारी टँकर आला आणि अक्का घरी नव्हत्या. विहिरीवरच्या रेटारेटीत गंगाबाई रिकामी घागर घेऊन मागं पडलेल्या. अप्पा उठले, दोर धरला. दोर हातातून सुटला आणि नखं मुळापासून गेली.

मला रडू आलं. अक्कांनी परत आल्यावर त्यांचा हात पाहिला, उरलेलं एक नखही कापून टाकलं आणि त्या म्हणाल्या, "बोटानं वाजवा. मी बी व्हायोलिनचा गज हलका धरते."

संध्याकाळी वादन सुरू झालं. "ऐकू येईना!" मैदानातून ओरडा झाला. दोघांनी आवाज चढवला नाही. तेवढ्यात गंगाबाई उठल्या, "गप बसा की रं, मग ऐकू येतंय!" मैदान खरंच गप झालं. असं मऊ वादन मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. पुढं हीच त्यांची ओळख झाली; शिकायला शिष्य येऊ लागले, त्यांत मीही. अप्पांनी पुन्हा नखं वाढवली नाहीत. पाणी मात्र रोज त्यांनीच भरलं.

माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा दोघं एसटीनं रेणापूरला यायचे. तिच्या दमाला झेपेल इतका खाली स्वर लावून तिच्याच ओव्या वाजवायचे. आई गुणगुणायची. ते ऋण मला फेडायचंही नाही.

आता अप्पांची सत्तरी. परवा भेटायला गेले, तर अप्पांच्या उजव्या हाताला पुन्हा नखं! अक्कांना हल्ली कमी ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं.

"हिला माझी गिटार ऐकू येईना झाली," अप्पा हळूच म्हणाले. "नखानं वाजवलं की पोचतंय."

अप्पा, अक्का, तुम्हां दोघांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. पाणी भरायला आम्ही सारे शिष्य आहोत. तुम्ही फक्त नखं सांभाळा.