वर्गाबाहेर काढलेली पोर

"भाऊ, उद्या पायलले शाळेत पाठवू नका. वांगे तोडाले न्या." हेडमास्तर सगळ्या पालकांसमोर म्हणाले. "वरून लोक तपासणीले येऊन राहिले. पायल बसली का वर्गाची सरासरी पडते."

मागून कोणी म्हणालं, "तिची परीक्षा वांग्यातच घ्या, सर!" सगळे हसले. मी मान खाली घातली. माझी मुलगी चौथीत आहे. तिला अजून नीट वाचता येत नाही, हे खरं होतं.

सकाळी ती माझ्यासोबत वाडीत आली. अमरावतीच्या बाजारासाठी आम्ही वांगी निवडत होतो. किडकं बाजूला, चांगलं पाटीत. पाटी चांगली दिसली की भाव मिळतो. पायलचा हात माझ्यापेक्षा भरभर चालत होता.

"बाबा, मी घरी राहिली का शाळेचा नंबर लागते. सरनं सांगतलं." ती खुशीत होती. शाळेसाठी आपण काही करतोय, असं तिला वाटत होतं.

किडकं वांगं माझ्या हातातच राहिलं. मी रोज जे वांग्यांचं करतो, तेच शाळेनं माझ्या पोरीचं केलं होतं.

तिला हातपाय धुवायला लावले. गाडीवर बसवलं.

शाळेच्या फाटकात हेडमास्तर. "काहून आणली?"

"चौथीत हाये म्हणून."

मी वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो. आत आणखीही काही पोरांच्या जागा रिकाम्या होत्या. तपासणीच्या बाईंनी तिला उतारा दिला. पहिली ओळ तिनं बोट ठेवून वाचली. दुसऱ्या ओळीत अडली. बाजूची पोरं हसली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

निकालात वर्ग घसरला. हेडमास्तरांची मुलं अमरावतीला इंग्रजी शाळेत आहेत. ते मला म्हणाले, "तुमच्या हट्टापायी शाळेचं नाक कापलं."

"पहिलीपासून तुमच्याकडंच हाये ना ती, सर?"

ते आत निघून गेले.

पायल अजूनही विचारते, "बाबा, माह्यामुळे नंबर गेला का?"

मी खोटं सांगत नाही. तुझ्यामुळेच गेला, म्हणतो. तिचे डोळे भरतात. मग तिला पुस्तक घेऊन बसवतो. ती अडते. मी थांबतो.

पुढच्या तपासणीलाही तिला नेईन. त्या दिवशी कोणाकोणाची पोरं घरी बसवली होती, मला ठाऊक आहे. त्यांच्या दारी जाईन. पोरं घेऊन येईन. सरांना म्हणेन, आख्खा वर्ग मोजा. मग येईल तो आकडा शाळेच्या भिंतीवर लिहा. कितीही लहान असो.