काकूच्या विहिरीवरचा जिओफोन

माझ्या पोटात दुखत होतं, हे आता कबूल करायला काय हरकत आहे? नागपूरहून आलेली ती माझ्याबरोबरची संशोधक मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलत होती. सरांच्या प्रकल्पात पुढच्या वर्षासाठी एकच जागा उरली होती. ती तिला मिळणार की मला, एवढाच प्रश्न होता.

काम असं: खडकातून धक्का जाताना त्याची ताकद वाटेत किती जिरते ते मोजायचं. आळेफाट्याच्या बाजूला एका खाणीत सुरुंग उडवणार होते. एक जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र, खाणीजवळ ठेवायचा. दुसरा लांब, पिंपरी पेंढारला माझ्या चुलतीच्या विहिरीवर, जिथे कातळ उघडा पडलाय. दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मधल्या खडकाने किती गिळलं ते कळतं. खाणीजवळचा माझ्याकडे होता, विहिरीवरचा तिच्याकडे.

आता गाव माझं, चुलती माझी. पण काकू सकाळपासून तिच्याच मागे! "लई गुणाची पोर हाय गं. खाली बसून भाकरी खाल्ली, ताटबी घासून ठिवलं." मी त्या घरात जन्मभर ताटं घासली, तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द नाही फुटला. वर सर तिची वही चाळून म्हणाले, "याला म्हणतात नोंदी." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

निघताना काकूने मला बाजूला घेतलं. "मी ओतूरला दवाखान्यात चालले. या आठवड्यात थ्री फेज लाईट बाराला येती. मोटर ऑटोवर हाय, लाईट आली की आपोआप चालू व्हती. तुमचं काम बिघडंल. त्या पोरीला सांग, पेटीतला खटका पाडून ठिव म्हणावं."

मी "हो" म्हटलं.

ती दहा पावलांवर कातळ झाडत होती, यंत्राखाली बारीकसा खडाही राहू नये म्हणून. मी बघितलं आणि सरळ सरांच्या गाडीत जाऊन बसले. अजून वेळ आहे, फोन करू की, असं आळेफाट्यापर्यंत स्वतःला सांगत राहिले. फोन हातातच होता.

सव्वाबाराला सुरुंग उडाला. माझी नोंद इतकी स्वच्छ आली की सर चक्क "शाबास!" म्हणाले. मी हवेत!

विहिरीवर पोचलो तर ती रडवेली होऊन उभी होती. मोटर अचानक सुरू झाली, खोपीमागची पेटी तिला सापडेपर्यंत सुरुंग उडूनही गेला होता. तिच्या आलेखावर मोटरीची घरघर, दुसरं काही नाही.

सर माझ्याकडे वळले. "हिची नोंद गेली, आता तुझी घेऊन काय करू? तुलना कशाशी करू?" अरे देवा! हे गणित मी स्वतः खाणवाल्याला दोनदा समजावलं होतं. पण जळफळाटात माणसाला काय सुचतं? सोमवारी यंत्रं परत द्यायची होती आणि खाणवाला महिनाभर पुन्हा सुरुंग लावणार नव्हता.

"तू इथली ना? तुला मोटरीचं ठाऊक नव्हतं?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बांधावरून काकू आली, औषधांची पिशवी हातात. बंद मोटर आणि आमची तोंडं बघून म्हणाली, "अगं, तुला सकाळी सांगितलं व्हतं की मी! हिला बोलली न्हाईस?"

सर माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात त्या मुलीने ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "हिने सांगितलं होतं, सर. मीच विसरले."

सरांनी तिला काकूसमोरच झाडलं. मी मूग गिळून उभी राहिले. पुढच्या वर्षाची जागा मला मिळाली, ती नागपूरला परत गेली. आणि खरं सांगू? त्या उन्हात तिला बोलणी बसताना मला तिची दया आली नाही. हेवाच वाटला. तिच्या जागी मी असते तर असं खोटं माझ्या तोंडून निघालं नसतं.