किती जणांना विचारलं?

आमच्या शेजारच्या चाचांइतका छळवादी माणूस साऱ्या येडशीत झाला नाही, आणि त्यांच्याइतका सज्जनही नाही. निजामाच्या अमदानीत तहसिलीत उर्दू कारकुनी करून ते घरी बसले होते. कुणी कशाबद्दलही 'सगळे' किंवा 'नेहमी' म्हटलं की त्यांचा सवाल ठरलेला, "किती जनांना इचारलं?" नॅरोगेजची छोटी गाडी कधीच वेळेवर येत नाही, असं मी एकदा सहज बोललो. चाचा आठ दिवस डबा घेऊन स्टेशनावर बसले आणि नवव्या दिवशी माझ्या ओट्यावर निकाल घेऊन हजर! "बऱ्याचदा टायमावरच येती, मास्तर. पर टायमावर आलेली गाडी कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय." यंदा सीताफळं फिकी आहेत, असं माझ्या बायकोनं म्हणायचा अवकाश, बाजारातल्या झाडून साऱ्या पाट्यांतलं एकेक फळ त्यांनी चाखलं. पोट बिघडून अंथरूण धरलं, तरी तक्रार एवढीच, की नमुना कमी पडला.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी जे केलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली होती. आमच्या गल्लीत मुलींचा वर्ग काढावा का, हे ठरवायला वरून हुकूम आला : लिहिता-वाचता येणाऱ्या बायका घरोघर जाऊन मोजा. चाचांची नात तर पाटी पुसून तयारच बसली होती. मी दारातूनच पुरुषांना विचारत गेलो, "घरात कुणा बाईला मराठी वाचता येतं का?" "न्हाय जी." लिहिलं, निरक्षर. चाचा त्या दिवशी बाजाराला गेले होते. त्यांच्या दाराशी क्षणभर थांबलो, आणि शेजारच्यांचं काय विचारायचं, म्हणून चाचींपुढंही 'निरक्षर' लिहून मोकळा झालो. खाली शेरा मारला, 'या गल्लीत शिक्षणाची आवड नाही.' वर्ग शेजारच्या ढोकी गावाला गेला.

वर्षभरानं चाचांना मोतीबिंदू झाला. वर्तमानपत्र वाचून दाखवावं म्हणून मी गेलो, तर पडद्याआडून कुणीतरी उर्दू अखबार घडाघडा वाचत होतं.

"तुमची चाची," चाचा म्हणाले. "गल्लीतल्या निम्म्या बायकांना तिनंच शिकवलंय."

भिंतीला भिंत लागून राहत होतो मी! उभ्याउभ्याच सगळं कबूल केलं. चाची पडद्याआडूनच म्हणाल्या, "दारापर्यंत आला व्हता की, मास्तर. एक हाक मारायची."

चूक कळवणारा अर्ज मी लिहिला, पण नोकरीच्या भीतीनं तो पेटीतच राहिला. गोष्ट मात्र गल्लीभर झाली. एकदा हॉटेलाबाहेर मला ऐकू आलं, कुणीतरी संतापून म्हणत होतं, "ह्ये मास्तर लोक सगळे असलेच!" लगेच चाचांचा आवाज आला, "सगळे? किती मास्तर बघितले? एकावरून समद्यांना नावं ठेवू नका."

मी चहा न पिताच मागं फिरलो.

चाचांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. कुणी 'सगळे' म्हटलं की अजून त्यांच्या ओट्याकडं नजर जाते. अर्ज माझ्या पेटीत आहे. त्यावर अजून सही केलेली नाही.