दीड केबिनवाली ग्लेनिस

कंपनीचं पत्र रॉसनं माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "वाच, विल. आणि रडू नकोस."

पत्र चार ओळींचं. यापुढे दीड केबिनची यूट बनवणार नाही, कारण मागणी नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मागणी नाही? विचारलं कुणाला यांनी? शाळेत पोरं सोडायला जाणाऱ्यांना? यांच्यातला एक तरी कधी बुटाला चिखल लागेल अशा जागी उतरलाय का?" रॉस हसला. रॉस आमच्या दुकानाचा मालक. तो हसतो छान, म्हणूनच तर मालक आहे.

मी मूळचा गडहिंग्लजचा विलास. ऑस्ट्रेलियातल्या बुलंबा गावात यूट विकतोय त्याला एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत माझं उरलेलं अर्धं नाव कुणी उच्चारलेलं नाही. यूट म्हणजे पुढं माणसं आणि मागं उघडा हौदा. एकेरी केबिन असली तर पुढं दोन माणसं, पाठीला लगेच पत्रा, हौदा लांबलचक. चार दारांची असली तर माणसं पाच, हौदा पाच फुटांचा, त्यात एक फ्रिज आडवा घातला की संपलं. आणि या दोन्हींच्या मधली दीड केबिन. पुढच्या सीटमागं हातभर जागा, हौदा सात फुटी, आणि पुढच्या दारामागं एक अर्धं दार, तेही उलट्या बाजूनं उघडणारं. दोन्ही दारं उघडली की मधे दांडी नाही, काही नाही. सगळी बाजूच मोकळी. आता सगळ्यांना हवी असते चार दारांची. बायकापोरं, कुत्रं, सायकली, सगळं त्यात. घ्या बापडे. पण म्हणून ज्याचं पोट हौद्यावर आहे त्यानं काय करायचं?

ग्लेनिस हॅनिगनचं पोट हौद्यावर होतं. वय त्रेसष्ट, धंदा कुंपणं घालायचा, बापापासून चालत आलेला. डोंगराच्या ज्या उतारावर यंत्र चढत नाही तिथं लोक तिला बोलावतात. दोन किलोमीटरच्या रांगेत एक खांब बोटभर बाहेर दिसला तर तो उपटून पुन्हा ठोकणार. एकदा सिडनीहून आलेला एक नवा जमीनदार तिला म्हणाला, "बाई, इतकं सरळ कशाला? मेंढ्या थोड्याच बघतात?" ग्लेनिस म्हणाली, "मेंढ्या नाही बघत. मी बघते." आणि त्या दिवसाची मजुरी सोडून निघून आली. पुढच्या आठवड्यात तो तिच्या दारात उभा.

तिच्याबरोबर कायम तिचा थोरला भाऊ, नेव. दोघांनी आपापल्या लग्नाच्या पाण्यात पाय घालून बघितलेला आणि लगेच काढून घेतलेला, त्यामुळे राहायलाही एकत्रच. अकरा वर्षांपूर्वी उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि नेवचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी सळ्या घालून पाय वाचवला, पण तो वाकेना. कायमचा सरळ. डॉक्टर म्हणाले, आता घरी बसा. नेव घरी बसला तो फक्त पावसाळी थंडी संपेपर्यंत. मग पुन्हा ग्लेनिसच्या डाव्या हाताला. खांब उचलणं त्याला जमत नाही, पण तारा ताणतो, गाठी मारतो, चहा उकळतो. आणि फाटकं उघडतो.

या फाटकांचं सांगितलं पाहिजे. इथं एक नियम आहे, लिहिलेला कुठंच नाही आणि मोडत कुणी नाही. यूटमध्ये डावीकडं जो बसतो, फाटक त्यानं उघडायचं. पाहुणा असो, पाद्री असो, कालची नवरी असो. मी नवा होतो तेव्हा एका शेतकऱ्याशेजारी बसलो होतो. फाटक आलं, मी आपला बसून. त्यानं इंजिन बंद केलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. पाच मिनिटांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी मला कळलं, की फाटकाला उतरतो तो माणूस कामाचा आणि नाही उतरत तो ओझं.

नेव उतरायचा. ग्लेनिसच्या जुन्या दीड केबिनमध्ये त्याची सीट पार मागं ढकललेली. फाटक आलं की तो दोन्ही दारं उघडायचा, सरळ पाय एका झोकात बाहेर फिरवायचा, छताची कड धरून उभा राहायचा आणि काठी न घेता फाटकापर्यंत जायचा. कुणाला उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट. एका कामावर जाताना सात फाटकं. ग्लेनिस स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायची. तिनं कधी हॉर्न मारला नाही आणि कधी मदतीलाही उतरली नाही.

ती जुनी यूट मार्चच्या तपासणीत नापास झाली. चेसिसला तडा. तपासणारा म्हणाला, "ग्लेनिस, ही मी पास केली तर तुमच्या दोघांच्या मयताला मला यावं लागेल." म्हणून ती दोघं आमच्या दुकानात आली, शेजाऱ्याच्या गाडीवर एक आठ फुटी खांब बांधून.

खांब कशाला, ते लगेच कळलं. रॉसनं चार दारांची झकपक यूट दाखवली, समोरची स्क्रीन केवढी मोठी, सीट कशी गरम होते, सगळं सांगितलं. ग्लेनिसनं ऐकून घेतलं. मग खांब खांद्यावर घेऊन आत आली आणि त्या नव्याकोऱ्या हौद्यात ठेवला. तीन फूट बाहेर.

"आता याचं काय करू?" तिनं विचारलं. "कापू? मेंढ्यांना सांगू, उडी मारू नका म्हणून?"

"मागं ट्रेलर लाव की," रॉस म्हणाला.

"ट्रेलर. आणि कड्याच्या वाटेवर तो वळवायचा कुठं? तुझ्या डोक्यावर?"

मग नेव पुढच्या सीटवर बसायला गेला. बसला कसाबसा, पण पाय मावावा म्हणून सीट मागं घेतली तर दारामधली दांडी अगदी गुडघ्यासमोर आली. पाय बाहेर निघेना. एकदा तिरकं होऊन बघितलं, एकदा आधी खांदा बाहेर काढून बघितला. कपाळावर घाम. मी पुढं होणार तेवढ्यात ग्लेनिसनं माझ्याकडं असं बघितलं की मी जागच्या जागी थांबलो. शेवटी दांडी धरून, अंग पिळून तो निघाला बाहेर.

आणि रॉस, चांगल्या मनानंच, बोलून गेला, "अगं, त्याला मागच्या सीटवर आडवा बसव ना! पाय लांब करून, राजासारखा. आणि फाटकाला उतरायची कटकटच नाही!"

हिशेबाच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली.

"म्हणजे मला सामानात घालायचं," नेव म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. टोपी घेतली आणि दाराकडं चालायला लागला.

ग्लेनिसनं खांब पुन्हा खांद्यावर घेतला. "रॉस, तुझ्या बापाला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. तरी डावीकडंच बसायचा आणि चाचपडत कडी काढायचा. सगळ्या बुलंबानं बघितलंय. त्याला म्हणाला होतास का, बाबा, मागं बसा म्हणून?" रॉसचा चेहरा लालबुंद. ती दारातून वळून म्हणाली, "चल नेव. इथं यूट नाही विकत. बस विकतात."

मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला राग आला तो चार ओळींच्या पत्राचा. पुढचे दोन आठवडे मी देशभर फोन केले. पर्थपासून टाऊन्सव्हिलपर्यंत. नवी दीड केबिन कुठंच नाही. आणि जुन्यांची किंमत बघता बघता वर गेली, कारण बंद झाल्यावर सगळे एकदम जागे झाले. मागणी नाही म्हणे! वणव्यात जळालेल्या डोंगरावरची कुंपणाची मोठी कामं ग्लेनिसच्या हातची जायची वेळ आली. तिच्या भाचीनं सांगून बघितलं, "मावशी, तू एकेरी घे, मामा राहील घरी." ग्लेनिसनं फोन ठेवून दिला.

जुन्यांची किंमत वर गेली हे रॉसलाही कळलं. एप्रिलमध्ये ट्रेव्हेना म्हाताऱ्याच्या शेताची आवराआवर निघाली. माणूस गेला की शेतातलं सगळं माळावर रांगेत मांडतात आणि बोली लावतात, नांगरापासून किटलीपर्यंत. त्या रांगेत एक दीड केबिन होती, नऊ वर्षांची, फारशी न पळालेली. रॉस म्हणाला, "विल, तू जा. कितीही होऊ दे, घेऊनच ये. पंधरा दिवसांत दुप्पट करून विकू." आणि मी गेलो. घराचे हप्ते आहेत, पोरगी कॉलेजात आहे. गेलो.

माळावर चाळीसएक यूट. गावातल्या बायका पावात सॉसेज घालून विकत होत्या. मी एक घेतलं, गर्दीत शिरलो. लिलाववाला दीड केबिनपाशी आला, आकडा पुकारला, आणि मी मोकळा हात वर केला.

माझ्या आजूबाजूचं बोलणं थांबलं. मला वाटलं, एवढं काय झालं? मान वळवून बघितलं तर यूटच्या पलीकडच्या बाजूनं दोन्ही दारं उघडी, आत नेव, सीट पार मागं. त्यानं पाय एका झोकात बाहेर काढला, छताची कड धरली, उभा राहिला. आणि बॉनेटपाशी ग्लेनिस, हाताची घडी घालून, माझ्याकडं बघत.

तिनं बोट उचललं.

लिलाववाला माझ्याकडं वळला. "विल? दुकान काय म्हणतंय?"

रॉसनं आकड्याची अटच घातली नव्हती. मी दहा वेळा हात वर केला असता तरी चाललं असतं, आणि तिचे पैसे तिसऱ्यालाच संपले असते. हे तिलाही ठाऊक होतं.

"कर ना वर," ग्लेनिस म्हणाली. "माझ्याकडं बघून कर. मी काही हात जोडणार नाही तुला."

च्यायला, हात जोडले असते तिनं तर कदाचित मी केलाही असता वर. माणसाचं काही सांगता येत नाही. मी हात खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझा हात खिशात आहे. आता बाहेर यायचा नाही."

मागून कुणीतरी बाहेरगावचा व्यापारी कोपर उचलायला लागला होता. त्याच्या शेजारचे दोन मेंढपाळ जरा सरकून उभे राहिले, आणि एका बाईनं त्याच्या त्याच हातात गरम चहाचा कप दिला. "घ्या, सांडू नका," म्हणाली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि चहा प्यायला. हातोडा पडला.

रांगेत ती यूट फाटकाच्या सगळ्यात जवळ, म्हणून बाहेरही तीच पहिली निघाली. मागं आम्ही सगळे, एकामागं एक. फाटक ट्रेव्हेनाचं, जुनं, एका बिजागरीवर लोंबणारं. पुढं ग्लेनिसची यूट थांबली. दोन्ही दारं उघडली.

आमच्यातला एकही माणूस उतरला नाही. तरणेताठे पोरगे होते, पळत जाऊन अर्ध्या मिनिटात उघडलं असतं. पण पुढच्यानं इंजिन बंद केलं, त्याच्या मागच्यानं केलं, मग मीही केलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रॉस.

"मिळाली का?"

"नाही. ग्लेनिसनं घेतली. मी हात वर केला नाही, रॉस. सोमवारी येऊ की नको, ते आत्ताच सांग."

तो म्हणाला, "एवढा शुकशुकाट कसला तिथं? गाड्या का थांबल्यात?"

"नेव फाटक उघडतोय."

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा."

त्यानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. "सोमवारी आठला ये," म्हणाला आणि फोन ठेवला.

नेवनं खांद्यानं फाटक उचलून धरत शेवटी उघडलं. ग्लेनिस पलीकडं जाऊन बाजूला थांबली आणि नेव फाटक धरून उभा राहिला, सगळे जाईपर्यंत. प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून जात होता, तोही करत होता. मी सगळ्यात शेवटी. काच खाली केली. त्याचा शर्ट घामानं चिकटला होता, चेहरा रागीट आणि खूश.

"विल," तो म्हणाला, "तू दुसऱ्यांदा हात वर केला असतास ना, तर सगळ्यांना सोडून बरोब्बर तुझ्या तोंडावर फाटक लावून कडी घातली असती. आणि 'फाटक उघड' म्हणाला असतास, तर सांगितलं असतं, पाय दुखतोय माझा."