मामांची शिकाऊ माणसं

माझ्या थोरल्या मामांइतका माणसाला हादरवणारा गृहस्थ गिरगावापासून शिवडीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशीच माझी इच्छा आहे, कारण एकटे मामाच माझ्या काळजाला पुरून उरले. लालबागला त्यांचा खुर्च्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एका चाळीच्या तळमजल्यावरची लांबट खोली, पुढे पत्र्याचं छप्पर आणि सगळीकडे भुसा. मी बी.कॉम. झाल्या झाल्या तिथे हिशेबाला बसलो. रोज गिरगावातून ट्रामने जाताना आज मामा काय करून ठेवतील याची धास्ती असायची, आणि ती धास्ती एकदाही वाया गेली नाही.

परक्या खुर्चीवर ती उलटी करून पाहिल्याशिवाय बसायचं नाही, हा त्यांचा नेम. खुर्ची कुणाची, प्रसंग कोणता, समोर कोण बसलंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही दादरला गेलो होतो. मुलीचे वडील हात जोडून “बसा” म्हणाले आणि मामांनी त्यांच्या दिवाणखान्यातली सगळ्यात भारी खुर्ची उचलून पालथी घातली, पायांमध्ये डोकं घालून सांधे चाचपले आणि म्हणाले, “मागचा पाय सुटलाय. तुमच्याकडे वजनदार पाहुणे येत नाहीत वाटतं?” मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी जमिनीकडे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः जाऊन ती खुर्ची घेऊन आले, दुरुस्त करून परत पोचवली, आणि लग्न ठरलं. माझ्यापेक्षा ती खुर्चीच तिच्या वडिलांना जास्त पसंत पडली असावी, असं माझी बायको अजून म्हणते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मामा एकही सभा चुकवत नसत. शिवाजी पार्कवर माणसं वक्त्याकडे बघत, मामा वक्त्याच्या खुर्चीकडे. एका मोर्चात त्यांच्या खांद्यावर लाठी बसली. मामी रडत रडत शेक देत होत्या आणि हे महाराज डोळे मिटून म्हणतात, “बांबू चांगला होता गं, पण गाठी घासलेल्या नव्हत्या.” मामींनी शेकायचं फडकं तसंच त्यांच्या अंगावर टाकलं आणि त्या आत निघून गेल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अशा या माणसाला एकाच माणसाची भीती होती. ते म्हणजे बाबी मेस्त्री, आमचे मुख्य सुतार. मालवणकडचे, करवतीसारखेच उभट आणि ताठ. मामा आपल्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, याच कारखान्यात उमेदवारी करत होते तेव्हा रंधा धरायला त्यांना मेस्त्रींनी शिकवलं होतं, म्हणून मेस्त्री आत आले की मामा अजूनही उठून उभे राहत. आणि या मेस्त्रींची नजर अधू होत चालली होती. कारखान्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. पेन्सिलीची रेघ त्यांना दिसेना, ती ते नखाने शोधत. एकदा करवत डाव्या हाताच्या बोटांवर घसरली. रक्त थांबेना. “लाकडाक गाठ होती,” एवढंच ते म्हणाले. लाकूड मी पाहिलं होतं. साफ होतं.

मामांनी धीर करून त्यांना सांगून पाहिलं, “मेस्त्री, आता तुम्ही नुसतं बसा. देखरेख करा. पगार चालू राहील.” मेस्त्रींनी हत्यारं पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि गाठ मारली. “मालक, उद्या गावाक जातंय. बसान खाऊचो नाय मी.” गावी ना शेत ना वाडी. बायको आणि विधवा मुलगी, दोघींची चूल मेस्त्रींच्या मनीऑर्डरीवर पेटायची. मामांनी अक्षरशः हात जोडले, शब्द मागे घेतला, तेव्हा कुठे गाठ सुटली. म्हणजे मेस्त्री करवत धरतील तर एक दिवस हात जाणार, आणि धरू नका म्हटलं तर माणूस जाणार. मामा रात्री जेवेनासे झाले.

त्याच सुमारास सरकारची एक योजना आली. लहान कारखानदाराने आपल्या कामगारांना नवं काम शिकवलं, तर शिकण्याच्या दिवसांच्या पगाराचा काही भाग सरकार देणार. मी मोठ्या उत्साहाने मामांना वाचून दाखवलं. सकाळी त्याच सरकारच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडून आलेले मामा दुपारी अर्ज करायला तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते म्हणाले, “आमचं भांडण मुंबईसाठी आहे. शिकवण्याशी काय भांडण?” मग मी सुचवलं की आजूबाजूचे करतात तसं करावं. आहेत त्याच माणसांची नावं शिकाऊ म्हणून लावायची. मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता. “अरे, त्यांना जे येतं ते मी त्यांना काय शिकवू? लोकांचा पैसा आहे तो. घ्यायचा तर न येणारं काम शिकवलं पाहिजे.” त्यांची नजर मेस्त्रींवर जाऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून जे जाहीर केलं, ते ऐकून मी खुर्चीवरून उठलो तो पुन्हा बसायचं विसरलो. प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकायचं. पॉलिशवाल्या तुकारामने हिशेब. वेत विणणाऱ्या पास्कूने पॉलिश, आणि सकाळचा एक तास मेस्त्रींना वेत विणायला शिकवायचं. मी, बी.कॉम., मेस्त्रींच्या हाताखाली सुतारकाम. मेस्त्रींचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांचा हात गोणपाटाकडे गेलेला मी पाहिला. तेव्हा मामा म्हणाले, “आणि मी हातगाडी. मला गाडी ओढता येत नाही. आजपासून शिकतो.”

कुणाचा विश्वास बसला नाही. पण मामांनी धोतर वर खोचलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गाडीवाल्याला पुढे घालून खुर्च्यांनी भरलेली गाडी बाहेर काढली. लालबागच्या नाक्यावर ती एकदा उलटली. परळच्या चढावर ट्रामवाल्याने त्यांना शेलक्या शिव्या दिल्या, त्या त्यांनी परत आल्यावर कौतुकाने म्हणून दाखवल्या. माझ्या सासऱ्यांनी जावयाच्या मामांना भर दुपारी लोअर परळला गाडी ओढताना पाहिलं आणि संध्याकाळी आमच्याकडे चौकशीला आले, धंदा बुडाला का म्हणून. मामींनी आठवडाभर देवळात जायचं सोडलं. मी तर मामांना सरळ विचारलं, “तुम्हाला वेड लागलंय का?” ते पायाच्या फोडांना खोबरेल लावत होते. म्हणाले, “तुझा सांधा सैल होतोय, मेस्त्री सांगत होते. नीट शिक.”

मेस्त्री मात्र गेले नाहीत. पहिल्या दिवशी मामांची गाडी नजरेआड होईपर्यंत, नव्हे, चाकांचा आवाज विरेपर्यंत ते दारात उभे राहिले. मग पास्कूसमोर मांडी घालून बसले. “मालक गाडी ओढतत, तर माका वेत इणूक कसली लाज? दाखव रे.” पास्कू खोताच्या वाडीकडचा, जन्माचा थट्टेखोर, पण त्या दिवशी तो अगदी हळू बोलला. “मेस्त्री, वेत ओला ठेवायचा. आणि बघायचं नाय हा, बघितलं की चुकतं. बोटाला कळतं.” तो हे कुणी शिकवलं म्हणून बोलला की आपल्या मनाने, मला माहीत नाही. मेस्त्रींची बोटं मात्र खरोखरच शिकली. बाकी कारखान्याची दैना उडाली. तुकारामच्या हिशेबाला नुसता पॉलिशचा वास होता, आणि माझी पहिली खुर्ची चारांपैकी तीनच पायांवर उभी राहायला राजी होती.

आणि मग सरकारी कचेरीतले साहेब पाहणीला आले. ठाकूरद्वारच्या जुन्या मुंबईकर घरातले, सभ्य, इस्त्रीचा कोट. मालक कुठे विचारलं, तर मालक घामाने निथळत हातगाडीसकट दारात. साहेबांनी माझा रंधा पाहिला, तुकारामची वही पाहिली, आणि प्रत्येक पावलाला त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. शेवटी ते मेस्त्रींपाशी थांबले. “आपण शिकाऊ?”

“होय साहेबा,” पिकल्या मिशांचे मेस्त्री म्हणाले.

“आधी काय करत होता?”

“सुतार. हेंच्या बापाशीपासून.”

साहेब मामांकडे वळले. “अहो, ही योजना कामगाराला वरच्या कामासाठी तयार करायची आहे. मुरलेल्या सुताराला तुम्ही वेतावर बसवलंत? याचं कारण काय लिहू मी?”

कारण मामांच्या जिभेवर होतं. मेस्त्रींना दिसत नाही, एवढं एक वाक्य. साहेब भला माणूस होता, ऐकून त्याने काहीतरी वाट काढली असती. पण मेस्त्री दोन हातांच्या अंतरावर बसले होते आणि त्यांचे कान शाबूत होते. बोटं वेतावर थांबली होती. इकडे महिनाभराच्या या उद्योगात कारखान्याचं कंबरडं मोडलेलं. मी मामांना डोळ्यांनी विनवत होतो, बोला.

“कारण असं की मला योजना समजलीच नाही,” मामा म्हणाले. “मी फारसा शिकलेला नाही, साहेब. अर्ज रद्द करा. चूक माझी.”

लाठी खाऊन बांबूला नावं ठेवणारा, व्याह्याच्या घरात खुर्ची उलटी करणारा हा माणूस चारचौघांत स्वतःला अडाणी म्हणवून घेऊन टॉवेलने मान पुसत होता. साहेबांनी वाईट वाटून मान हलवली, सगळी नावं खोडली आणि गेले. मागून वेताची करकर पुन्हा सुरू झाली.

पुढे बाकीचे आपापल्या जागी परतले. मेस्त्री वेतावरच राहिले. करवतीचा विषय कुणी काढला नाही, आणि “माझा शिकणा संपाक नाय” म्हणून त्यांनीही काढला नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागच्या सभेला खुर्च्या आमच्याच होत्या, फुकट. गाडी मामांनी ओढून नेली. सगळे आकाशातलं दारूकाम बघत होते, मामा मेस्त्रींनी विणलेल्या खुर्च्यांकडे.

मामा गेले तेव्हा मेस्त्रींची नजर पूर्ण गेली होती. ते मुलीचा हात धरून आले आणि मामांची खुर्ची कुठे आहे विचारलं. मामा शेवटपर्यंत माझ्या त्या पहिल्या खुर्चीवर बसत, तिच्या आखूड पायाखाली कागदाची घडी घालून. वेत मेस्त्रींचा होता. मी त्यांना खुर्चीपाशी नेलं. बसण्याआधी त्यांनी ती चाचपली, सावकाश उलटी केली, आणि मामा करायचे तसा एकेक सांधा दाबून पाहिला.

“ह्यो तुमचो,” ते म्हणाले. “अजून सैल असा.” मग बराच वेळ त्यांचा हात त्या पायावरच राहिला. “मालकांका योजना कळाक नाय म्हणान सांगलानी त्या साहेबाक. माका तेवाच सगळा कळला होता. पण बोलान दाखवलंय असतंय, तर तेंची गाडी फुकट गेली असती.”

मी खुर्ची सरळ केली, कागदाची घडी पायाखाली नीट सरकवली, आणि त्यांना तिच्यावर बसवलं.