टिंबांखालचा नकाशा

आमच्या हद्दबाईंना संताप यायला कोऱ्या पांढऱ्या कागदावर छापलेला एखादा आलेख पुरायचा. त्यांचं खरं नाव ऑफिसात क्वचितच कोणी घेई. प्रत्येक आलेखाला हद्द हवी हा त्यांचा हट्ट, आणि ‘हद्द झाली’ हे त्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य. त्यातून कुणीतरी हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका आरोग्यसंस्थेत मी त्यांच्या हाताखाली लागले. सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवरच्या कुपोषित मुलांची पाहणी चालली होती. आम्ही पाड्यांचे अक्षांश-रेखांश भरायचो आणि सॉफ्टवेअर त्यांची टिंबं काढून द्यायचं. कुपोषण जास्त, तिथलं टिंब मोठं. पहिला आलेख मी मोठ्या कौतुकाने बाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “ही माणसं हवेत राहतात का?”

तेव्हा टिंबांखाली घालायला संगणकातला तयार नकाशा आमच्याकडे नव्हता. बाईंनी कागदी नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरून तालुक्याची हद्द, नदी, रस्ते गिरवले आणि वळणावळणावरचे बिंदू मोजून संगणकात भरले. आधी हद्द काढायची, मग नदी, टिंबं सगळ्यात शेवटी, म्हणजे ती झाकली जात नाहीत, हे मी त्यांच्याकडून शिकले. बिंदूंचा क्रम चुकला की तालुक्याच्या पोटातून आडवी काठी घुसल्यासारखी रेघ जायची, मग पुन्हा पहिल्यापासून. मी घाई केली की त्या म्हणत, “रेघ सरकली तर एखादा पाडा गुजरातेत जाईल. मग त्याच्याकडे कोण बघणार?”

अखेर नकाशा पडद्यावर उमटला. मोठी टिंबं जवळजवळ सगळी नदीपलीकडे होती आणि दवाखाना अलीकडे. मध्ये पूल नव्हता. पावसाळ्यात आजारी मूल घेऊन दवाखाना गाठायचा तर वाटच नव्हती.

अहवाल तपासायला सरकारी आरोग्य विभागातून आलेल्या साहेबांना नेमकं हेच नको होतं. तालुक्याची सरासरी बरी आहे, असं ते म्हणाले, आणि नकाशामुळे उगाच कुणाकडे तरी बोट दाखवल्यासारखं होतं. टिंबं राहू द्या, खालच्या रेघा काढून टाका. आमच्या संचालकांनी मान डोलावली. बाई तासभर भांडल्या, पण अहवाल छापून आला तेव्हा टिंबं पुन्हा पांढऱ्या कागदावर तरंगत होती. आजारी मुलांचा पत्ता पुसून टाकायचा आणि वर त्याला सुबक मांडणी म्हणायचं!

बाईंनी राजीनामा दिला. मूळ नकाशाची मोठी प्रत गुंडाळून त्या एसटीने निघाल्या. मीही सोबत गेले. उन्हाळ्यात नदी आटलेली होती, चालतच पलीकडे गेलो. तिथल्या एका पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर नकाशा लावून बाईंनी प्रत्येक टिंबाचा अर्थ समजावून सांगितला. मागच्या पावसाळ्यात जिची लहान मुलगी दगावली होती, अशी एक आई पुढे आली. आपल्या पाड्याच्या टिंबावर तिने बोट ठेवलं.

“म्हंजे सायबाला ठावं हाय?” तिने विचारलं.

“ठाऊक झालं,” बाई म्हणाल्या, “आणि त्यांनी ते पुसलं.”

नकाशा पाड्यावरच राहिला. पुढची काही वर्षं लोक तो पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक मोर्चाच्या पुढे धरत. अखेर नदीपलीकडे आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं. उद्घाटनाला मी गेले, तर मंडपात तोच नकाशा, रंग भरून, भल्यामोठ्या फलकावर. बाईंचं नाव कुठेही नव्हतं, त्यांना साधं आमंत्रणही नव्हतं. फीत कापली त्याच साहेबांनी. आपल्या विभागाने दूरदृष्टीने हा नकाशा तयार केला, असंही त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची आग झाली. आठवलं की अजूनही होते.

नाशिकला परतल्यावर मी सिन्नरला फोन लावला. बाई तेव्हा तिथे भावाकडे राहत, तब्येत पार खालावली होती. मी तावातावाने सगळं सांगितलं.

“नर्स तिथेच राहायला आलीय का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आलीय.

“पावसाच्या आधी आली, बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि दमलेल्या आवाजात माझ्या घरच्यांची चौकशी करू लागल्या.