हातावरून सोडलेलं पाणी

यमुनाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत छापखान्यात उभी होते. आमच्या गावच्या बंद शाळेबद्दलच्या पत्रकाची शाई अजून ओली होती. फोनवर काकूंची सून छाया होती. "ताई, आई गेल्या. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हन्ल्या..." मी पत्रकांचा गठ्ठा तिथंच ठेवला आणि गावी जायला भातकुलीकडची गाडी धरली. या गोष्टीला काही आठवडे झाले. पत्रकं मात्र अजून वाटली नाहीत.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माळ्याचं घर. पालक, मेथी, वांगी, सणासुदीला झेंडू. पहाटेच्या गाडीनं माल अमरावतीला जायचा, काकू टोपल्यांच्या मधे बसून जायच्या. तोंड तिखट. जुडी चारदा उलटीपालटी करणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "बाई, मेथी न्याची हाय का सून पाहाची हाय?" बाई हसली आणि दोन जुड्या घेऊन गेली.

आमची शाळा उभी आहे ती जागा काकूंच्या सासऱ्यांची. गावात शाळा नव्हती तेव्हा त्यांनी रस्त्याकडेचा तुकडा दिला. गावानं बैलबंड्यांनी पेढी नदीची वाळू आणली. दोन खोल्या, पुढे ओसरी. काळ्या मातीत पाया खचतो म्हणून भिंतींना दर पावसाळ्यानंतर भेगा पडायच्या आणि गाव त्या लिंपायचं. मी तिथंच शिकले. मग एक दिवस पोरं कमी आहेत म्हणून शाळा बंद झाली. पोरं कमी म्हणून शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणून पोरांची घरं गाव सोडून जातात. हे ज्यांना दिसत नाही त्यांना चष्मा नाही, लाज हवी आहे. आता आमची पहिलीतली लेकरं ऑटोत कोंबून शेजारच्या गावी जातात. वर्गात शेळ्या बसू लागल्या.

मी मोहीम सुरू केली. पत्रकात एक जळजळीत ओळ घातली: 'शाळा उघडा, नाहीतर जागा परत द्या.' कागदोपत्री जागा अजून काकूंच्या घराच्या नावावरच होती. दात्याच्या घरानंच मागणी केली तर दबाव येईल, असा माझा हिशेब. सही घ्यायला गेले. काकू जुड्या बांधत होत्या. त्यांनी छायाकडून पत्रक वाचून घेतलं.

"हे 'परत द्या' कोन म्हन्लं?"

"मी. दबाव टाकावा लागतो, काकू."

"दबाव टाक ना. माया सासऱ्यानं हातावरून पानी सोडलं हाय. ते कावून उपसून राहिली वं तू?"

आमच्याकडे दान देताना हातावरून पाणी सोडतात. पाणी सोडलं की ती वस्तू आपली राहत नाही. तिच्यातलं पानसुद्धा घरात आणायचं नाही. हे मला माहीत होतं, पण एवढं खरं धरणारं माणूस पाहिलं नव्हतं. मी चिडले. "तिथं शेळ्या बसून राहिल्या, अन् तुम्ही दानाचं सांगता?"

"शेळ्या बसल्या त शेळीवाल्याले झाडू दे हातात," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी उचलली.

ती ओळ मी काढली. पण भांडण मिटलं नाही. त्या पावसाळ्यात काकूंनी बायांना सांगून ओसरी झाडून घेतली. पहाटे भाजीवाल्या तिथं जुड्या बांधू लागल्या, संध्याकाळी दहावी-बारावीची पोरं आतल्या खोलीत अभ्यासाला बसू लागली. मला ते पटेना. भाजीचा अड्डा झाला की शाळा कायमची गेली, असं मी ओसरीतच सगळ्यांसमोर म्हणाले. काकू म्हणाल्या, "रिकाम्या घरात साप येते बाई, पोरं नाई येत. तू भांडत राय. तोवर घर जागं ठेवतो आमी."

मी अजूनही भांडते आहे. घर जागं राहिलं, हेही खरं.

आणि ज्यांनी ओसरी उघडली त्या काकू तिथं कधी बसल्या नाहीत. पाऊस असो की ऊन, रस्त्याच्या कडेला छत्री रोवून, गोणपाट टाकून त्या आपल्या जुड्या बांधायच्या. बाया हाका मारायच्या, "काकू, आत या ना, तुमच्याच घरची जागा हाय." उत्तर ठरलेलं: "म्हनूनच बाहेर." त्या जागेवरून चार पैशांचाही फायदा घरात येऊ द्यायचा नाही. मला हे हट्टीपणाचं वाटायचं. आजही थोडं वाटतं... भिजायचं कशाला?

त्यांचा मुलगा विनोद तर उघड वैतागायचा. त्याला त्या जागेत रोपवाटिका करायची होती. वाईट माणूस नाही तो. रोपं विकून दोन हंगाम सावरतील, एवढंच त्याचं म्हणणं. "सरकारनं शाळा बंद केली, मंग दान कोनाले?" हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. आई होती तोवर तो गप्प राहिला. तेरवी झाली आणि मला धास्ती वाटू लागली. त्यानं तिथं रोपवाटिका टाकली असती तर शाळा परत मागायला जागाच उरली नसती.

मागच्या आठवड्यात ग्रामसभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. फळा अजून भिंतीवर आहे, त्याच्याखाली सरपंच बसलेले. ठराव साधा होता: शाळा उघडण्याची मागणी कायम, आणि तोवर सकाळी भाजीवाल्या, संध्याकाळी अभ्यासिका. सरपंचांनी विनोदला विचारलं, "घरची हरकत?" विनोद दाराशी उभा होता, आत आला नव्हता. नेहमीच्या सवयीनं तो बोलून गेला, "आईले इचारून सांगतो."

कोणी हसलं नाही, कोणी त्याला दुरुस्तही केलं नाही. तो तसाच उभा राहिला, चौकटीला हात लावून. सरपंचांनीही घाई केली नाही. मग विनोदनं बाहेर काढलेल्या चपला पायात घातल्या.

"भाजीचं अन् पोराइचं चालू द्या," तो म्हणाला. "आमचं काई नाई त्याच्यात. आज्यानं पानी सोडलं हाय."